जुनं कॉफी मशीन घ्या, पण पहिले तीन महिने ते घरीच चालवा



कॅफेच्या विषयावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर, अमळनेर, चाळीसगाव... गाव बदलतं, प्रश्न तोच. "सर, मुंबई-पुण्यात बंद पडलेल्या कॅफेचं इटालियन मशीन निम्म्याहून कमी किमतीत मिळतंय. घेऊ का?"

माझं उत्तर सरळ आहे. घ्या. पण दुकानासाठी घेऊ नका, घरासाठी घ्या.

म्हणजे काय? मशीन घरी आणा. उघडा, साफ करा, दुरुस्त करा, आणि तीन महिने घरच्या स्वयंपाकघरात किंवा गच्चीवरच्या खोलीत रोज चालवा. तोपर्यंत गाळ्याचं डिपॉझिट नाही, फर्निचर नाही, नावाची पाटी नाही. तीन महिन्यांनंतर कॅफे टाकायचा की नाही हे ठरवा. तेव्हा तुमचा निर्णय रील बघून घेतलेला नसेल, हात काळे करून घेतलेला असेल.

काही जणांना हे पटणार नाही, माहीत आहे. "धंदा करायचा तर सरळ मैदानात उतरा, घरी काय खेळत बसायचं?" या आक्षेपाकडे मी शेवटी येतो. आधी मशीन समजून घेऊ, कारण अर्धे लोक काय विकत घेतोय हे न समजता पैसे मोजतात.

हे मशीन नक्की करतं काय?

आपल्याकडे लग्नात, रिसेप्शनला "एक्स्प्रेसो कॉफी"चा स्टॉल असतो. मोठा उभा बॉयलर, खाली गॅस, बाजूला नळी. कपात दूध, साखर, इन्स्टंट कॉफी पावडर घालायची, नळीतून वाफ सोडायची, फेस आला की वरून चॉकलेट पावडर. खानदेशातल्या दोन पिढ्या यालाच एक्स्प्रेसो म्हणत मोठ्या झाल्या. चवीला छान लागते, वाद नाही. पण त्या मशीनमध्ये फक्त वाफ आहे. कॉफी त्यात बनत नाही, दूध तापतं.

कॅफेतलं एस्प्रेसो मशीन वेगळं काम करतं. बारीक दळलेली, दाबून बसवलेली कॉफी आणि तिच्यातून साधारण ९ बार दाबाने जाणारं ९० ते ९६ अंशांचं पाणी. १८ ग्रॅम कॉफीतून २५-३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम अर्क मिळतो. ९ बार म्हणजे सुमारे १३० पीएसआय. कारच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

याचा इतिहास दोन ओळींत सांगतो, कारण त्यात धंद्याचा धडा आहे. इटलीत तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवरच्या कॉफी मशीनचं पेटंट घेतलं. पुढे १९०१ च्या सुमारास लुईजी बेझेरा यांनी एका वेळी एक कप काढण्याची पद्धत आणली. १९३८ मध्ये अकिले गाजिया यांनी वाफेशिवाय जास्त दाब देणाऱ्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आणि १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई-६१ नावाचं मशीन आलं. त्यात विजेचा पंप होता आणि बॉयलरच्या आतून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी वेगळं तापत होतं.

धडा हा. ई-६१ च्या पुढच्या भागाची रचना, ज्याला ग्रुप हेड म्हणतात, आजही अनेक कंपन्या वापरतात. साठ वर्षांहून जुन्या डिझाइनचं गॅस्केट आज नवीन मिळतं. म्हणून जुनं मशीन घेताना ते किती चमकतं हे बघू नका, त्याचे पार्ट अजून जिवंत आहेत का ते बघा. ट्रॅक्टर घेताना आपले शेतकरी हेच बघतात. मग मशीन घेताना आपण का विसरतो?

स्वस्त मशीनचा खरा हिशोब

खालचे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलेत. हा बाजारभाव नाही. तुमचे आकडे तुम्ही स्वतः भरा.

- मशीन: ६०,००० रुपये
- वाहतूक आणि उतरवणं: ५,०००
- गॅस्केट, ओ-रिंग, व्हॉल्व्ह, सफाई: १२,०००
- हीटर बदलणं: ८,०००
- वेगळी वायरिंग, एमसीबी, अर्थिंग: ६,०००
- पाण्याचं फिल्टर: ९,०००
- ग्राइंडर: २५,०००

एकूण १,२५,००० रुपये. म्हणजे साठ हजारांचं मशीन सव्वा लाखाला पडलं. जुन्या मशीनची किंमत म्हणजे खर्चाचा निम्मा भाग, असं धरूनच चाला. आणि ग्राइंडर विसरू नका. मशीन कितीही भारी असो, दळण एकसारखं नसेल तर कॉफी कधी कडू, कधी आंबट. चक्कीवाला चांगला नसेल तर भाकरी थापणारी काय करणार?

आता दुसरा हिशोब. समजा तुम्ही थेट दुकानात हे मशीन लावलं. भाडं १२,०००, कर्जाचा हप्ता ८,०००, एक पोरगा मदतीला १०,०००. महिन्याचे ३०,००० म्हणजे दिवसाला १,००० रुपये, कॉफी विकली नाही तरी. मशीन बंद पडलं, पार्ट बाहेरून यायचा, माणूस नाशिक किंवा पुण्याहून यायचा, पंधरा दिवस गेले. १५,००० गेले आणि वर गिऱ्हाईक गेलं. "त्या कॅफेचं मशीन नेहमी बंदच असतं भो" ही जाहिरात आपल्याकडे फुकट पसरते.

तेच मशीन घरी बंद पडलं तर? त्या दिवशी चहा प्यायचा. नुकसान शून्य, शिक्षण पूर्ण.

मुद्दा हाच आहे. जुनं मशीन पहिल्या तीन महिन्यांत त्रास देणारच. तो त्रास दिवसाला हजार रुपये मोजून घ्यायचा की फुकट, एवढाच निर्णय तुमच्या हातात आहे.

खानदेशात मशीन मारतं ते पाणी

मुंबईच्या व्हिडिओंमध्ये पाण्यावर दोन मिनिटं बोलतात. मी वीस मिनिटं बोललो, काहींनी कंटाळा आला असं लिहिलं. तरी परत सांगतो.

आपला भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आणि तापीकाठच्या गाळाचा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. घरातल्या गिझरची कॉइल, कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर, पातेल्याच्या बुडाची खर बघा. तेच तुमच्या मशीनच्या बॉयलरमध्ये होणार आहे, फक्त तिथे ते दिसत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाका. "पाणी पिण्याचं आहे, मग मशीनला काय होतंय?" पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. माणसाला ते चालतं. मशीनला नाही.

साधा हिशोब करा. पाण्याचं काठिण्य ३०० आहे आणि दिवसाला १० लिटर पाणी मशीनमधून गेलं, तर रोज ३ ग्रॅम क्षार आत शिरतात. ३०० दिवसांत ९०० ग्रॅम. सगळे आत बसत नाहीत, पण त्यातला थोडा भाग जरी बसला तरी हीटरवर कवच तयार होतं, बारीक छिद्रं बुजतात, व्हॉल्व्ह अडकतात. नळीतलं छिद्र एखाद्या मिलिमीटरचं असतं. त्याला किती क्षार पुरे?

"मग आरओ लावतो सर!" थांबा. अगदी कोरडं आरओचं पाणीही चालत नाही. बऱ्याच मशीनमध्ये बॉयलरची पातळी मोजायला एक सळई असते. पाण्यातून किंचित वीज वाहते, त्यावरून मशीनला कळतं की पाणी भरलं. पाण्यात क्षारच नसतील तर वीज वाहत नाही, मशीन समजतं बॉयलर रिकामा आहे, आणि भरतच राहतं. शिवाय तसं पाणी धातूला खातं आणि कॉफीची चवही उतरते.

कॉफीच्या क्षेत्रात साधारण ७५ ते २५० टीडीएस, आणि आदर्श १५० च्या आसपास, असा मापदंड वापरतात. म्हणून आरओ असेल तर त्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळून हा आकडा गाठायचा, किंवा काठिण्य कमी करणारं सॉफ्टनर फिल्टर लावायचं. पण एक लक्षात घ्या. टीडीएस मीटर सगळे विरघळलेले क्षार मिळून सांगतो, काठिण्य सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचं किट वेगळं मिळतं. दोन्ही घ्या. मशीन घेण्याआधी घ्या.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येईलच असं नाही. एक दिवस नळाचं, दुसऱ्या दिवशी बोअरचं, तिसऱ्या दिवशी टँकरचं. म्हणून प्रत्येक स्रोत वेगळा तपासा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांची ही वही तुमच्या कॅफेच्या प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त कामाची ठरेल.

घरी आणल्यावर काय क्रमाने करायचं

व्हिडिओत हात दाखवून सांगितलंय, इथे क्रम लिहून ठेवतो.

१. प्लग लावू नका. आणलं की चालू करून बघायची घाई सगळ्यांना असते. बॉयलर रिकामा असेल तर हीटर काही क्षणांत जळू शकतो. पहिला खर्च तिथेच.

२. झाकण काढून फोटो काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक नळी, चारही बाजूंनी. नंतर जोडताना हेच फोटो तुमचे गुरू.

३. वीज तपासा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, इथे हुशारी नको. हीटरमधून बॉडीला करंट उतरतो का, अर्थिंग आहे का, मशीन सिंगल फेज की थ्री फेज? बऱ्याच मोठ्या मशीनचं जोडणीबोर्ड बदलून सिंगल फेजवर आणता येतं, सगळ्यांचं नाही. साडेतीन किलोवॅटचं मशीन २३० व्होल्टवर १५ अँपिअरच्या वर ओढतं. म्हणजे घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट अगदी काठावर. वेगळी लाइन, वेगळी एमसीबी आणि शॉक लागण्याआधी वीज तोडणारी आरसीसीबी हवीच. वीजबिलावर मंजूर भार किती आहे तेही बघून ठेवा.

४. क्षार काढा. सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात घालून सुटे पार्ट बुडवून ठेवा. हातमोजे घाला. तांब्याचे, स्टीलचे भाग नीट निघतात. अ‍ॅल्युमिनियम असेल तर फार वेळ ठेवू नका, निकेल-क्रोमचा मुलामा उडालेला असेल तर जपून. नंतर भरपूर पाण्याने धुवा. बॉयलरमध्ये आम्ल राहिलेली कॉफी पिऊ नका आणि पाजू नका.

५. रबर सगळं बदला. जुनं गॅस्केट नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखं कडक लागतं. एक बदललं, चार ठेवले असं करू नका. आणि पाणी लागणाऱ्या जागी फूड ग्रेडच मटेरियल हवं. टायरच्या ट्यूबचं वॉशर, एम-सील, शिशाचं डाग देणं, यातलं काहीही नाही. आपला जुगाडाचा अभिमान या जागी बाजूला ठेवायचा.

६. सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन टाका. यावर तडजोड नाही. कॉफी मशीनचे बॉयलर बहुधा २५ लिटरच्या आतले असतात, म्हणून बॉयलरच्या कायद्याखाली येत नाहीत. कायद्याने सूट दिली म्हणून वाफ सूट देत नाही. कुकरची शिट्टी आपण बदलतो, मग इथे का नाही?

७. आधी थंड पाण्याने दाबाची चाचणी. गळती असेल तर थंड पाणी नुसतं टपकतं. वाफेने चाचणी केली आणि जोड सुटला तर भाजतं. बॉयलरचं वेल्डिंग करावं लागलं तर आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या आणि परत चाचणी घ्या.

८. मगच गरम करा. पहिल्यांदा तापवताना जवळ उभं राहा, पोरांना लांब ठेवा, दाबाचा काटा बघत राहा. बॉयलर १ बारवर स्थिर झाला की पाणी साधारण १२० अंशांवर असतं. प्रेशर स्टॅटने त्या सुमारास हीटर बंद केला पाहिजे. काटा वर चढतच राहिला तर मेन स्विच बंद.

हे सगळं करायला माणसं कुठून आणायची? बघा आजूबाजूला. केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या पाणबुडी मोटारी भरून देणारे गावोगाव आहेत. आरओ बसवणारे आहेत. एमआयडीसीत स्टीलचं काम करणारे आहेत. दुधाच्या मशिनरीवर हात बसलेले आहेत. लग्नातल्या एक्स्प्रेसोची गॅस्केट बदलणारेही आहेत. कॉफी मशीन यातल्या कोणालाच पूर्ण माहीत नाही, पण तुकड्यातुकड्याने सगळं माहीत आहे. हे तुकडे जोडणारा माणूस तुम्हाला व्हायचंय.

अपग्रेड: कुठे पैसे टाकायचे, कुठे नाही

दुरुस्ती झाली की हात शिवशिवतात. हे लावू, ते लावू. थोडं थांबा.

घरच्या वापरासाठी तीनच गोष्टींना मी हो म्हणतो. पहिली, पाण्याचं फिल्टर, ते वर झालंच. दुसरी, पाण्याच्या टाकीची सोय, कारण दुकानातली मशीन थेट नळाला जोडायची असतात आणि घरी तसा दाब नसतो. काही पंप टाकी मशीनच्या वर ठेवली तर व्यवस्थित ओढतात. कोरडा मात्र कुठलाही पंप चालवू नका. तिसरी, तापमान नेमकं ठेवणारा पीआयडी कंट्रोलर. पण त्याआधी तुमच्या मशीनची रचना बघा. कॉफीसाठी वेगळा बॉयलर असेल तर पीआयडीचा थेट फायदा होतो. एकाच बॉयलरच्या आतून नळी जाणारं मशीन असेल तर पीआयडी बॉयलरचं तापमान सांभाळतो, कॉफीच्या पाण्याचं नाही. मग तिथे थोडं गरम पाणी सोडून देऊन कॉफी काढायची सवय हाताला लावली तरी काम भागतं. फुकटात.

लाकडी मूठ, रंग, एलईडी, बाजूला नाव? ते दुकानाच्या वेळी. घरी कोणाला दाखवायचंय?

विजेचाही विचार करा. १० लिटरचा बॉयलर २५ अंशांपासून १२० पर्यंत तापवायला नुसत्या पाण्यासाठी सुमारे १.१ युनिट लागतात. धातू तापतो ते वेगळं. म्हणजे दोन कपांसाठी दोन ग्रुपचं मोठं मशीन रोज तापवणं परवडत नाही. घरी आणायचं तर एकाच ग्रुपचं, लहान बॉयलरचं आणा. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे विसरू नका. स्वयंपाकघरात आणखी एक भट्टी पेटवताय, तेव्हा घरातल्यांना आधी विचारा, जागा हवेशीर ठेवा. मशीनच्या आतलं इलेक्ट्रॉनिक कार्डही त्याच उष्णतेत बसलेलं असतं.

ही मशीन घेऊ नका

- कंपनीची आणि मॉडेलची पट्टीच गायब आहे. पार्ट मागवणार कशाचे?
- बॉयलरला बाहेरून हिरवट-पांढरे ओघळ आहेत आणि विकणारा म्हणतो "फक्त सर्व्हिसिंग हवं".
- ११० व्होल्टचं, परदेशातून उचलून आणलेलं आहे.
- बटण दाबलं की सगळं आपोआप करणारं आहे आणि त्याचं कार्ड जळालंय. ते कार्ड मिळालं नाही तर ते भंगारच.
- विकणारा बिल द्यायला तयार नाही. चोरीचा माल तुमच्या घरात आला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आणि बोलणी करताना "चालू आहे" या शब्दावर जाऊ नका. चालू करून, तापवून, दाबाचा काटा दिसेल असा व्हिडिओ मागा. नाही म्हणाला तर मशीन बंद आहे असं धरून भाव करा.

जुना कारखाना, नवा माल: जळगावचंच उदाहरण

"जुनं घेऊन कोणी मोठं झालंय का?" असं विचारणाऱ्यांना मला लांब न्यायची गरज नाही.

जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरच्यांच्या बचतीचे ७,००० रुपये घालून रॉकेलच्या एजन्सीपासून धंदा सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी जळगावातला केळी पावडरचा जुना कारखाना ३० लाख रुपयांना घेतला. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. आणि घेतल्यावर त्यांनी केळी पावडर चालू ठेवण्याचा हट्ट धरला नाही. यंत्रांत बदल केले, प्रक्रिया बसवली आणि पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. पुढची जैन इरिगेशनची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

यातून मला दिसतं ते असं. जुनी यंत्रं त्यांनी स्वस्त मिळाली म्हणून उचलली नाहीत. त्यातून काय काढायचं हा विचार होता आणि यंत्र आपल्या कामासाठी बदलून घेण्याची तयारी होती. तुमच्या साठ हजारांच्या मशीनला हाच नियम लागू आहे. आधीच्या मालकाचा कॅफे त्या मशीनवर चालला नाही. तुम्ही तेच, तसंच केलंत तर तुमचा का चालेल?

आता तो आक्षेप

"घरी तीन महिने घालवले तर बाजार पुढे जाईल." मला हे पटत नाही. कॅफेचा बाजार तीन महिन्यांत संपत नाही. संपत असेल तर त्यात कर्ज काढून उतरण्यात तरी काय शहाणपण?

"मग नवीन मशीन वॉरंटीसह घ्यावं." हे मला पटतं, एका अटीवर. तुमच्याकडे रोजचं गिऱ्हाईक आधीच असेल, उदाहरणार्थ चालू हॉटेल, बेकरी, हायवेवरचा ढाबा. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते भेटतात. तिथे आधीच गाड्या थांबत असतील तर नवीन मशीन आणि सर्व्हिस करार घ्या, घरी प्रयोग करू नका. बंद पडलेल्या तासाची किंमत तिथे जास्त आहे. पण पहिल्यांदाच उतरणाऱ्या, हप्त्यावर सगळं उभं करणाऱ्या पोरापोरींना मी नवीन मशीन घ्या असं सांगणार नाही. वॉरंटीच्या कागदाने मशीन दुरुस्त होत नाही, माणूस यावा लागतो. तो तुमच्या गावात किती दिवसांत येईल हे लेखी घ्या, मग बोलू.

तीन महिने मोजूनच सांगितलेत. रोज चार डबल शॉट काढले तर ९० दिवसांत ३६० शॉट होतात. प्रत्येकी १८ ग्रॅमप्रमाणे साधारण साडेसहा किलो कॉफी. ही तुमची फी. पहिले शंभर फेकण्याच्या लायकीचे असतील. दुसऱ्या शंभरात तुम्हाला दळण कळेल. शेवटच्या शंभरात शेजारी, मित्र, मावश्या, काका यांना पाजा आणि एकच विचारा, "याचे किती द्याल?" छान आहे म्हणणारे सगळेच असतात. आकडा सांगणारा खरा.

त्यानंतर तुमच्यासमोर तीन वाटा असतील. एक, कॅफे किंवा गाडी, एफएसएसएआय नोंदणी आणि उद्यम नोंदणी करून. दुकान सुरू झालं की घरगुती वीज जोडणीवर धंदा चालवू नका, व्यावसायिक दराची जोडणी घ्या. दोन, लग्न-समारंभात खऱ्या एस्प्रेसोचा स्टॉल, जिथे "एक्स्प्रेसो" हे नाव लोकांना आधीच माहीत आहे. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, मशीन दुरुस्ती आणि पाण्याची सेवा. नवीन कॅफे टाकणारे खूप आहेत, त्यांचं मशीन उघडू शकणारा जवळपास कोण आहे? जळगाव ते धुळे रस्त्याने निघालात तर दुपारपर्यंत पोचून काम करून परत येता येतं. नाशिक-पुण्याचा माणूस तेवढ्या वेळात निघतोय का बघा. वर्षभराचा करार, दर तीन महिन्यांनी गॅस्केट, क्षार, फिल्टर. गाळा नको, फर्निचर नको, दुधाची नासाडी नाही. एक मोटारसायकल आणि हत्यारांची पेटी.

पण हा तिसरा धंदा दुकानात मशीन लावून, बाहेरचा मेकॅनिक बोलावून शिकता येत नाही. स्वतःचं मशीन स्वतः उघडलेल्यालाच तो जमतो.

या आठवड्याचा गृहपाठ

मशीन शोधायला बसू नका. आधी ही तीन कामं करा.

१. घरच्या प्रत्येक पाण्याचा टीडीएस आणि काठिण्य मोजा, तारखेसह लिहा.
२. तुमच्या गावापासून ५० किलोमीटरमधल्या पाच कॅफेंत जा. कॉफी प्या आणि विचारा, "दादा, मशीन शेवटचं कधी बंद पडलं होतं? कोणी दुरुस्त केलं? किती दिवस लागले?"
३. मोटार भरणारा, आरओवाला, आर्गॉन वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन, चौघांचे नंबर मिळवा आणि प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं कमेंटमध्ये टाका, कॅफेचं नाव न लिहिता. फक्त गाव आणि किती दिवस लागले ते. सगळ्यांची उत्तरं एकत्र करून पुढच्या व्हिडिओत तालुकावार तक्ता दाखवतो. ज्या तालुक्यात दिवस जास्त, तिथे दुरुस्तीच्या धंद्याला जागा जास्त.

भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत प्लग लावायची घाई नको!